दागिन्यांचा विमा उतरवताना घरफोडीचे काय?

संपादक महोदय,

सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेल्यापासून घरातल्या दागिन्यांचा विमा उतरवावा का, हा प्रश्न आमच्या सोसायटीच्या बैठकांतही निघू लागला आहे आणि बहुतेकांचे उत्तर ‘आमचे सगळे लॉकरमध्ये आहे’ एवढ्यावरच थांबते. हा निर्धास्तपणा कितपत रास्त आहे, हे एकदा तपासून पाहायला हवे.

रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर ही रक्कम ३ लाख होते. म्हणजे आजच्या भावाने पुरते तीन तोळेही नाहीत. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत तर तेवढीही जबाबदारी बँकेवर नाही, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेलेली पाहिल्यावर ही अट केवळ कागदावरची आहे असे कोकणात तरी कोणी म्हणणार नाही. लॉकरमध्ये काय ठेवले आहे याची नोंद बँक ठेवत नाही आणि त्या ऐवजाचा विमा ग्राहकांना विकण्यास तिला मनाईच आहे. तेव्हा तो ज्याचा त्यानेच उतरवायचा असतो.

मग अनेक जण गृहविम्याकडे वळतात आणि खरी गफलत येथे होते. एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांकडे असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत घरातील सामानाचा समावेश असला, तरी दागिन्यांसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण मागून घ्यावे लागते. शिवाय ही पॉलिसी मुळात आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटांसाठी आहे. चोरीची भरपाई मिळते ती अशा एखाद्या संकटानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली तरच. सुट्टीत कुटुंब गावी गेले आणि मागे कुलूप तोडून कपाट साफ केले गेले, तर घरफोडीचे जोड संरक्षण घेतलेले नसल्यास हाती काही लागत नाही. हप्ता कमी दिसतो म्हणून खूश होण्याआधी एजंटला हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

प्रत्येक घराने विमा घ्यावाच, असे मात्र माझे मत नाही. रोजच्या वापरातले मंगळसूत्र आणि दोन बांगड्या एवढेच घरात असेल, तर त्यासाठी दरवर्षी हप्ता भरण्यात फारसा अर्थ नाही. परंतु लग्नसराईत पाटल्या, तोडे आणि चपलाहार लॉकरमधून काढून परगावी नेले जातात, त्या घरांनी घराबाहेरही लागू असणारे ‘ऑल रिस्क’ प्रकारचे संरक्षण घेणे शहाणपणाचे आहे. त्यातही कसे गेले हे सांगता न येणारी हरवणूक, घरातील नोकराने केलेली चोरी आणि दीर्घकाळ बंद असलेले घर यांबाबतच्या अटी बारकाईने वाचाव्यात, कारण दावे बहुधा तेथेच अडतात.

दागिन्याची किंमत ठरवणे हे तर त्याहून किचकट काम आहे. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक असतो आणि पावतीही असते. पण आजीची बसरा मोत्यांची नथ घ्या: सोने जेमतेम, सगळी किंमत मोत्यांत, पावती नाही आणि क्रमांकही नाही. अशा वस्तूसाठी सरकारमान्य मूल्यमापकाकडून वजन, मोत्यांचे वर्णन आणि छायाचित्र असलेला दाखला करून घ्यावा. हे मूल्यांकन दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ताजे करणे आवश्यक आहे, कारण ज्या पॉलिसीत कमी विम्याची अट असते तेथे १० लाखांच्या दागिन्यांचा ५ लाखांचा विमा असला आणि त्यातले २ लाखांचे दागिने गेले, तर भरपाई १ लाखाचीच होते. दागिन्याची मजुरी धरली आहे की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

दागिने जाहीर केले तर आयकर खात्याच्या नजरेत येऊ, अशी धास्तीही आढळते. हिशेबी उत्पन्नातून घेतलेल्या किंवा वारसाने आलेल्या सोन्याला तसे भिण्याचे कारण नाही. छाप्याच्या वेळीसुद्धा विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी १९९४ ची सूचना आहे.

विमा कंपन्यांनी आणि नियामकांनी एवढे तरी करावे, की गृहविम्याच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘नुसती घरफोडी झाली तर दागिन्यांची भरपाई मिळेल’ किंवा ‘मिळणार नाही’, हे वाक्य ठळक मराठीत छापावे आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी.

आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची माजी सचिव,
कोथरूड, पुणे