जेजुरीच्या चावीवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

चैत्रातल्या भर दुपारी गडाच्या पायथ्याला पांढऱ्या अल्टोशेजारी दोन बायका अनवाणी नाचत होत्या, आठवतंय? नाच कसला, डांबर तापलं होतं. त्यातली तुमच्यावर ओरडलेली ती मी.

वर चपला चोरीला जातात म्हणून आईने त्या गाडीतच ठेवायला लावल्या होत्या. दर्शन घेऊन उतरलो, चावीने डिकी उघडली, भंडारा-खोबऱ्याची पिशवी आत ठेवली आणि हात पुसताना चावी त्या पिशवीवरच टेकवली. डिकी आपटली. तो आवाज झाला आणि मला कळलं. दुसरी चावी 50 किलोमीटरवर, पुण्यात, बाबांच्या कपाटात. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी ते म्हणाले, "एसटीने घेऊन येतो." आईने फोनवरच त्यांना गप्प बसवलं.

तुम्ही येईपर्यंत सल्लागारांची जत्रा भरली होती. एकाने वीट उचलली. एका पोराने टेनिसच्या बॉलला भोक पाडून तो कुलपावर दाबला, मोबाईलवर बघितलं होतं म्हणे. बॉलमधून फुस्स झालं, बाकी काही नाही. भंडाऱ्याच्या दुकानातल्या काकूंनी तुम्हाला फोन लावला आणि आम्हाला उभं राहायला गोणपाट दिलं. त्यांनाही नमस्कार सांगा.

तुम्ही सायकलवरून आलात, पत्र्याची पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही. विचारलंत, "गाडी कुणाच्या नावावर?" बाबांच्या. "आरसी?" गाडीतल्या कप्प्यात. "मग त्यांच्याकडनं फोटो मागवा." मी चिडले. पाय भाजतायत, आईला बसायला जागा नाही, आणि यांना कागद हवेत! "मी काय चोर दिसते का?" असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ताई, चोर पण घाईतच असतो."

बाबांनी आधी विम्याचा कागद पाठवला, मग आरसीच्या झेरॉक्सचा फोटो, त्यात अर्धा त्यांचा अंगठा. तुम्ही नंबरप्लेटशी आकडा न् आकडा ताडून पाहिलात, बाबांशी स्वतः बोललात आणि मगच पेटी उघडलीत.

पुढचं काम पाच मिनिटांचं. मला वाटत होतं, काचेच्या रबरातून पट्टी सारणार. "जुन्या गाडीला चालायचं. आता दारात वायरी असतात, एखादी तुटली की तुमचा खर्च." दाराच्या वरच्या कोपऱ्यात फडकं गुंडाळलेली पाचर, मग बीपी मोजायच्या पट्ट्यासारखी हवेची पिशवी, फुगा दाबत गेलात तशी बोटभर फट पडली. त्यातून टोकाला रबर लावलेली लांब सळई आत, आतल्या हँडलजवळची लॉकची कळ मागे, खट्. दाराला एक ओरखडा नाही. सीटजवळची कळ ओढून डिकी उघडली, आणि आईने चावीच्या आधी चपला काढल्या.

नवी चावीच बनवून द्या, असं मी मधे म्हणाले होते. तेव्हा तुम्ही सांगितलंत की नुसती कापलेली चावी दार उघडेल, पण तिच्यात चिप नसेल तर इंजिन चालू होणार नाही. तीही दिली असतीत तर पैसे जास्त मिळाले असते. 400 रुपये सांगितलेत, मी सवयीने घासाघीस केली, तुम्ही रुपया सोडला नाहीत. बरोबरच केलंत.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "त्या माणसाने मला गाडीचा रंग विचारला, आणि तुझं नावही." हे मला माहीत नव्हतं. ती सळई घेऊन तुम्ही तालुक्यातली कुठलीही गाडी उघडू शकता, आणि मी ओरडत असतानाही तुम्ही माझ्यासाठी ती घाईने उघडली नाहीत. उद्या आमची गाडी कुणी दुसऱ्याने तुमच्यापुढे उभी केली, तरी त्यालाही तुम्ही असंच तिष्ठत ठेवाल. आभार त्याचे आहेत, मामा. आणि ओरडले त्याबद्दल माफी.

निघताना तुम्ही वहीत गाडीचा नंबर लिहून माझी सही घेतलीत. हात पुसायचे राहूनच गेले होते. त्या पानावर सहीशेजारी माझं पिवळं बोट उमटलेलं असेल.

तुमची,
अल्टोवाली ताई