टोकियोचं फुलांचं कडं

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू म्हणालास, "लोगो म्हणजे शेवटी शोभेची वस्तू रे." तेव्हा मी घाईत होतो, म्हणून गप्प बसलो. पण गोष्ट मनातून जाईना, तेव्हा आज सवड काढून लिहायला बसलोय.

२०२० च्या ऑलिंपिकचं यजमानपद मागताना टोकियोने जो लोगो केला, तो आठव. चेरीच्या फुलांचं गोल कडं. स्पर्धेचा निळ्या चौकोनांचा लोगो फार नंतरचा, मी त्याच्याबद्दल बोलत नाहीये. हे कडं २०११ च्या अखेरीस आलं आणि ते कला शिकणाऱ्या एका मुलीने काढलं होतं. त्याच वर्षी ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपानचा किनारा धुऊन नेला होता. अशा वर्षी 'आमच्याकडे या' म्हणायचं तर कोणत्या तोंडाने म्हणायचं?

याआधी २०१६ साठीही टोकियोने प्रयत्न केला होता. तेव्हाच्या लोगोत मिझुहिकीची गाठ होती. जपानात शुभप्रसंगी भेटवस्तूवर रंगीत दोऱ्या बांधतात ना, ती. २००९ मध्ये कोपनहेगनला मतदानाच्या दुसऱ्याच फेरीत टोकियो बाहेर पडलं. म्हणजे पुन्हा मागायला येणाऱ्या शहराला 'पुन्हा' हेच सांगायचं होतं. फुलांचं कडं का, तर गोल फिरून परत येणं. चेरीचा बहर जेमतेम आठ-दहा दिवस टिकतो, पण पुढच्या वसंतात येतोच येतो.

आणि ही फुलं भेट म्हणून पाठवायची टोकियोची जुनी रीत आहे. १९१० मध्ये वॉशिंग्टनला दोन हजार झाडं पाठवली, त्यांना कीड निघाली, सगळी जाळावी लागली. टोकियोने रुसवा धरला नाही. १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० झाडं पाठवली! त्या कड्याकडे बघताना मला दर वेळी ही दुसरी खेप आठवते.

रंगांचं तर विचारूच नकोस. ऑलिंपिकच्या वर्तुळांतले लाल, निळा, पिवळा, हिरवा घेतले, पण काळ्याच्या जागी जांभळा. हा एदो-मुरासाकी, म्हणजे टोकियोला एदो म्हणत तेव्हाचा, मुरासाकी नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेला रंग. शहराने आपलं जुनं नाव एका रंगात ठेवलं, कुठे लिहिलं नाही. मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

काल ते कडं मी ट्रेसिंग पेपरवर गिरवलं. चेरीच्या पाकळीच्या टोकाला बारीकशी खाच असते. ती विसरलो की फूल लगेच कुठलंही होतं. हात तीन वेळा चुकला, तेव्हा कुठे एक फूल जमलं.

७ सप्टेंबर २०१३ ला ब्वेनोस आयरेसमध्ये इस्तंबूलवर ६० विरुद्ध ३६ मतांनी टोकियो जिंकलं आणि कड्याचं काम संपलं. यजमानपद मागतानाचा लोगो स्पर्धेला चालत नाही, स्पर्धेचा वेगळा लागतो. २०१५ मध्ये स्पर्धेचा पहिला लोगो नकलेच्या आरोपावरून मागे घ्यावा लागला, तेव्हा कितीतरी लोक म्हणाले, आमची फुलंच परत आणा. शोभेच्या वस्तूसाठी कुणी असा हट्ट धरतं का, सांग.

ट्रेसिंग पाकिटात घातलंय. बाकी रंग भरलेत, जांभळा मात्र माझ्याकडे तसा नव्हता. तुझ्या पेटीत असेल, तेवढी फुलं तू रंगव आणि परत पाठव.

तुझाच,
श्रीधर