अण्णांच्या पेटीचा भाता

सांगली, १२ जून

प्रिय बंड्या,

सात महिने झाले, तुला एक ओळ नाही. अण्णांना झटका आला तेव्हा तू रात्रीच्या गाडीने उभ्याउभ्या आलास, तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्यास, आणि परत नीट पोचलास का एवढंही मी विचारलं नाही. त्याची लाज वाटली म्हणून लिहायचं लांबवलं, आणि लांबवलं म्हणून आणखी लाज वाटत गेली. पण काल घरात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? काल अण्णांनी पेटी वाजवली.

अण्णांचं बीपी आटोक्यात आहे, बोलणं बरंच सुटलंय, डावा पाय ओढत का होईना न्हाणीपर्यंत एकटे जातात. डावा हात नाही आला. आईचे गुडघे तसेच.

फेब्रुवारीत एकदा दुपारी लवकर घरी आलो, तर माजघरातून बारीक टकटक ऐकू येत होती. अण्णा पेटीसमोर बसलेले, भाता मिटलेला, आणि उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवरून फिरतायत. सूर नाही, नुसतं लाकूड वाजतंय. बोटांकडे बघूनच कळलं, काळी दोनमधला काकड्याचा अभंग. मी चपला हातात घेऊन मागच्या मागे बाहेर आलो.

त्या दिवसापासून डोक्यात एकच. हात नाही तर भात्याला मोटर देऊ. आधी माशांच्या टाकीचा पंप लावला. मिनिटाला जेमतेम तीन-चार लिटर हवा, एक सूर धड बोलेना, आणि घरातल्या विजेची ती पन्नास हर्ट्‌झची घरघर तेवढी ऐकू येई. मग गाडीच्या चाकात हवा भरायचा आणला. त्याचा दाब दांडगा, पण हवा दोऱ्याएवढी. पेटीला नेमकं उलटं लागतं, हवा भरपूर आणि दाब अगदी हलका. पारदर्शक नळी वाकवून तीत कुंकवाचं पाणी भरलं आणि मोजलं. हाताने भाता मारला की पाणी सात-आठ सेंटिमीटर चढतं, बास.

शेवटी हवेची गादी फुगवायचा बारा व्होल्टचा पंप घेतला. त्यात नुसता पंखाच असतो, हवा मुबलक. पण पूर्ण वेगात पाणी तीस सेंटिमीटरच्या वर गेलं आणि खर्जाचे सूर घुसमटून गप्प बसले. पंख्याचा वेग निम्मा केला की दाब पावपट होतो, म्हणून स्पीड कंट्रोलर लावला. तर तो कंट्रोलरच शिट्टी मारायला लागला. अण्णा खाटेवरून ओरडले, "तो डास बेसूर आहे, मार त्याला आधी!" झटक्यानंतरचं त्यांचं पहिलं सलग वाक्य, बंड्या. आई पदर तोंडाला लावून हसली की रडली, मला कळलं नाही. दुसरा कंट्रोलर पंचवीस किलोहर्ट्‌झचा घातला, तो आपल्या कानाला ऐकूच येत नाही. पंप प्लायवूडच्या खोक्यात, आतून गादीवाल्याकडचा फोम, आणि वॉशिंग मशीनचा दोन मीटर ड्रेन पाइप पेटीपर्यंत.

पेटीला भोक पाडायचं नाही, ही अण्णांची अट. पालिताण्याचे सूर, आजोबांनी घेतलेली पेटी, मीही पाडलं नसतं. भात्याच्या फळीवर हवा आत घ्यायची भोकं असतात ना, त्यांच्यावर फोम लावलेली पाटी दोन चिमट्यांनी दाबून बसवली. आतले चामड्याचे पडदे हवेला एकाच दिशेने जाऊ देतात, त्यामुळे बाकी काही करावं लागलं नाही.

एप्रिलमध्ये सगळं जोडून दिलं. अण्णांनी अर्धी ओळ वाजवली आणि हात काढून घेतला. "ही श्वास घेत नाही रे," म्हणाले. मी चिडलो. दोन महिने राबलो होतो, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी मान खाली घातली. अण्णांनी, माझ्यासमोर. ते आठवलं की अजून घास उतरत नाही.

आणि खरं तेच म्हणत होते. समेला जोर, ओळ संपताना सैल, हे सगळं भात्याच्या हातात असतं. तुला मी काय सांगावं? अण्णा दोन्ही हातांनी वाजवायचे तेव्हा समोर बसून भाता तू मारायचास. मी बसलो की ते वैतागायचे. त्यावरून आठवीत मी तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. त्याच वर्षी तू त्यांना म्हणालास, पेटी परदेशी, रेडिओने १९४० साली हाकलली तेच बरं केलं. केवढे भडकले होते! "परदेशी होती तेव्हा पायाने वाजायची. मांडीपुढे आणली ती आपल्या माणसांनी, कलकत्त्यात, १८७५ साली, द्वारकानाथ घोष यांनी!" आठ दिवस तुला भात्याला हात लावू दिला नाही.

रात्री ते भांडण आठवलं आणि उठून बसलो. पायाने! उजवा पाय तर चांगला आहे. शिलाई मशीनचं पायडल आणलं, आतलं सगळं काढून स्पीडचं बटण बसवलं. दाबलं की हवा वाढते, सोडलं की उतरते. पेटी टेबलावर, अण्णा खुर्चीत, बॅटरी सात अँपिअर-तासांची, म्हणजे सगळं स्कूटरवर नेता येतं.

काल संध्याकाळी पाय पायडलवर ठेवला. पहिली पाच मिनिटं नुसता षड्ज, फुगवायचा, उतरवायचा. मग काकड्याचा अभंग, आणि ओळ संपताना पाय हळूच वर. बंड्या, जिथे तू भाता सोडायचास तिथेच! एकदा तर त्यांनी समोर बघितलं आणि म्हणाले, "आता बरोबर."

माझी काळजी आता पुढची आहे. आषाढीला देवळात वाजवायचं म्हणतात. घरी दोन तास चालली बॅटरी, पण भर भजनात बंद पडली तर? सगळ्यांसमोर तो हात पट्ट्यांवर तसाच, आणि नुसती टकटक? दुसरी बॅटरी बरोबर घेईन, वायरी सोल्डर करून घेतल्यात, तरी झोप लागत नाही. पाटीचे चिमटे काढून भाता मोकळा करायला अर्धं मिनिट लागतं, मी मोजलंय. तिथे समोर कुणीतरी बसलेलं हवं, आणि मी बसून चालणार नाही.

तुझ्या धाकटीची दहावी कशी गेली? घराच्या गळतीचं काय झालं? वहिनींना नमस्कार.

एकादशीच्या आदल्या रात्रीची गाडी धर. अण्णांना अजून काही बोललो नाही, पण त्यांनी सकाळीच विचारलं, बंड्याला सुट्टी मिळेल का.

तुझा,
बाळ्या