शनिवारी वाचायला येणाऱ्या काकूंना

ती. काकूंना,
सा. न.

शनिवारी शेवटचं प्रकरण वाचून झालं, तुम्ही चपला घालून निघालात आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र.

लेकीची नजर गेली त्याला पावणेदोन वर्षं झाली. तेव्हापासून घरी आलेलं माणूस तिच्यासमोर बसून मला विचारतं, "हिला चहात साखर चालते ना?" चौदा वर्षांची मुलगी, बोलता येतं, ऐकू येतं. पहिलीपासून ज्या शाळेत गेली तिथेही तेच. "हिचं आता दुसरीकडे कुठेतरी बघा," ती बाजूला उभी असताना मला सांगितलं. ते वाक्य आठवलं की अजून माझे हात कापतात.

आणि मग तुम्ही मुलाने शिकागोहून आणलेलं पुस्तक घेऊन वर आलात. अँड्र्यू क्लेमेंट्स यांचं 'थिंग्ज नॉट सीन', २००२ सालचं. एक परिच्छेद इंग्रजीत, मग तोच तुमच्या मराठीत. फेब्रुवारीतल्या मंगळवारी पंधरा वर्षांचा बॉबी अंघोळ करून आरशावरची वाफ पुसतो आणि आरशात कुणीच नाही! कपडे मात्र दिसतात, त्यामुळे कुणाला न दिसता बाहेर पडायचं तर शिकागोच्या त्या थंडीत उघड्यानेच. इथे लेक खळखळून हसली. किती महिन्यांनी, काकू!

पुढे विद्यापीठाच्या लायब्ररीत त्याची आलिशियाशी टक्कर होते, तोंडावरचा मफलर सुटतो. आता ही किंचाळणार म्हणून तो गारठतो. ती किंचाळत नाही, कारण तिला दिसतच नाही. तिचीही नजर दोन वर्षांपूर्वी गेलेली. मी ओट्यापाशी श्वास रोखून उभी होते. लेक एवढंच म्हणाली, "म्हणजे तिला तो आणि बाकीचे सारखेच." तुम्ही "हो गं" म्हणालात आणि पुढे वाचायला लागलात. समजूत घातली नाहीत, डोक्यावरून हात फिरवला नाहीत.

पण मनात रुतून बसलंय ते वेगळंच. पहिल्या दिवशी दारातून आत येताना तुम्ही म्हणालात, "मी आले गं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतेय." पाणी प्यायला उठलात तेव्हा, "उठतेय हं." मग, "आले परत." आम्ही घरचे बोलता बोलता उठून जायचो. एकदा कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले, परत येऊन बघते तर ती रिकाम्या खुर्चीला विचारतेय, "आई, ऐकतेयस ना?" तरीही मला सुचलं नव्हतं. आता तिचे आजोबासुद्धा खोलीत येताना "मी आलोय" म्हणतात. तुम्ही कुणाला शिकवायला गेला नाहीत, आम्ही ऐकून शिकलो. डॉक्टरांचे नंबर, नवस, उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. समोरच्या पोरीला माणूस म्हणून धरणारं कुणी उरलंय, यावरचा माझा विश्वास उडाला होता. तो तुमच्यामुळे पुन्हा बसला.

एक मागणं आहे. लेकीने फोनवर ऐकून शोधून काढलंय की या मालिकेतलं तिसरं पुस्तक, 'थिंग्ज दॅट आर', आलिशिया स्वतः सांगते. मधलं नंतर वाचू, आधी तेच हवं म्हणून हटून बसलीय. मुलगा येणार असेल तर आणायला सांगाल का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची