चटणीच्या हिशेबातली राहिलेली ओळ

कोल्हापूर,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

चटणीच्या धंद्याचा तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. आधी मोबाइलवर, मग झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि गल्ल्यावर बसून हातात पेन्सिल घेऊन. नोकरी कधी सोडायची, सोडायची की नाही, याबद्दल मी काही लिहिणार नाही. ते तुझं तू ठरवशील. आपल्या घरची कांदा-लसूण चटणी पुण्यात विकावी असं तुझ्या मनात आलं, याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

पण बाळा, तुझ्या तक्त्यात एक ओळ नाही. ती नाही याला कारण मी आहे, कारण तो हिशेब तू माझ्याच वहीवरून उतरवलास.

मागच्या मे महिन्यातलं पान बघ. मिरची १० किलो, ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिळून ३,००० रुपये. कांदा ४००, लसूण ८००, सुकं खोबरं ६४०. धणे, तीळ, खसखस आणि बाकीचा गरम मसाला १,५००. तेल-मीठ ५००. कांडप आणि रिक्षाभाडं ७६०. बेरीज ७,६००. चटणी झाली २० किलो, म्हणजे किलोला ३८० रुपये पडले. आपण विकली ५०० ने. तू लिहिलंस, किलोमागे १२० रुपये नफा. मीही इतकी वर्षं तेच समजत होतो.

आता त्या वीस किलोमागचे चार दिवस आठव. गच्चीवर मिरची पसरायची, दुपारी वर-खाली करायची, देठ मोडायचे. त्यानंतर दोन दिवस हातांची आग होते, पाण्यात हात घालवत नाही. लसूण सोलायचा, खोबरं किसायचं, कांदा चिरून वाळवायचा आणि तळायचा, एकेक मसाला वेगवेगळा भाजायचा. कांडपाच्या गिरणीत नंबर लावून ठसक्यात बसायचं. घरी आणून पुन्हा हाताने सारखी करायची, बरण्या भरायच्या. मी परवा तुझ्या आईला शेजारी बसवून एकेका कामाचे तास लिहून काढले. तीस तास झाले. रिक्षावाल्याचे पैसे माझ्या वहीत आहेत. तुझ्या आईच्या तीस तासांचा एक रुपयाही नाही. सव्वीस वर्षं दुकान चालवतोय, पैशाचा हिशेब चुकू दिला नाही, आणि ही ओळ माझ्या हातून कधी लिहिली गेली नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि तसं मी तिला सांगितलंही.

तासाला ६० रुपये धरले तर १,८०० होतात, किलोला ९० रुपये. गॅसचे १० रुपये. पाव-पाव किलोची चार पाकिटं आणि लेबलं यांचे १६. म्हणजे किलो ३८० ला नाही, ४९६ ला पडतो. पाचशेला विकलीस तर तुझ्या हातात ४ रुपये. दुकानात ठेवलीस आणि दुकानदाराने १५ टक्के घेतले तर त्याचे ७५ गेले, तू किलोमागे ७१ रुपये तोट्यात. आणि यात पुण्यापर्यंतचा टेम्पो, फुटलेली पाकिटं, चव बघायला फुकट दिलेली चटणी यातलं काहीच नाही.

घरगुती धंदे बंद का पडतात ते मी दुकानातून बघितलंय. माल चांगला असतो, मागणीही असते. करणारी बाई फुकट राबत असते तोवर भाव परवडतो. मागणी वाढली की मदतीला दुसरी बाई ठेवावी लागते, तिला पगार द्यावा लागतो आणि त्या दिवशी कळतं की भाव मुळातच चुकला होता. तोवर गिऱ्हाइकांना त्या भावाची सवय झालेली असते. भाव पहिल्या दिवशी बरोबर काढता येतो, नंतर वाढवताना फार जड जातं.

लिज्जत पापडची गोष्ट तुला ठाऊक आहे, १५ मार्च १९५९, गिरगावातल्या सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. त्या ऐंशी रुपयांचंच सगळे बोलतात. मला त्यातली वणई जास्त महत्त्वाची वाटते. पापड लाटण्याच्या मजुरीला तिथे वणई म्हणतात, आणि ज्या बाईने जितके किलो लाटले तिचे तितके पैसे. लाटणाऱ्या हाताची किंमत धरून मग पापडाची किंमत. त्या बायका मालकीण होत्या, तरीही हे सोडलं नाही. तू मालकीण असशील तेव्हा तुझ्या तासांचीही ओळ लिही. पहिलं वर्षभर ते पैसे उचलू नकोस हवं तर, पण वहीत दिसू देत.

तर भाव साडेसहाशे धरून बघ. दुकानदाराचे ९७ रुपये ५० पैसे गेले तरी ५६ रुपये ५० पैसे उरतात. पुण्यात कोणी किलोला साडेसहाशे देईल का, हा प्रश्न तू मला विचारू नकोस, मैत्रिणींनाही विचारू नकोस. त्या 'छानच आहे' म्हणतील. वीस किलोची ८० पाकिटं कर आणि पूर्ण किमतीला विक. नातेवाईक सोडून जी माणसं घेतील त्यांची नावं वहीत मांड, आणि त्यातली किती दीड-दोन महिन्यांनी आपणहून पुन्हा मागतात ते बघ. दुसरं पाकीट मागणारं गिऱ्हाईकच मोजायचं. पहिलं पाकीट लोक कौतुकाने घेतात.

मिरची वर्षाची एकदम घ्यावी लागते, यावर तू काहीच लिहिलं नाहीस. नवी ब्याडगी आता यायला लागलीय, उन्हाळ्यापर्यंत घ्यायची ती घ्यायची. पण भावाचा भरवसा नाही. मागच्या मार्चमध्ये कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजारात भाव इतके कोसळले की चिडलेल्या शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या कचेरीवर हल्ला केला, गाड्या जाळल्या. त्याआधीच्या हंगामात तीच मिरची सोन्यासारखी महाग होती. म्हणून तक्त्यात मिरचीचा भाव एकच धरू नकोस. आजचा धर, आणि दीडपट झाला तर काय होईल तेही बाजूला मांड. आणि अख्खीच मिरची घे, दळलेलं तिखट घेऊ नकोस. स्वस्त आणि लालभडक तिखट दाखवणारे खूप भेटतील. त्यातला लाल कशाचा आहे हे डोळ्यांना कळत नाही.

एक वर्ष मला अजून आठवतं. कांदा वाळत असताना वळीव आला आणि दोन दिवस ऊनच पडलं नाही. गिऱ्हाइकांना तारीख दिली होती म्हणून मी आईच्या मागे लागलो, चालेल, घे कांडून. तिचं मन नव्हतं. पंधरा दिवसांत बरण्यांमध्ये बुरशी दिसायला लागली. घरोघरी जाऊन बारा किलो चटणी परत आणली आणि पैसे दिले. दिलेल्या तारखेपेक्षा कांद्याचा कोरडेपणा मोठा असतो. तू विकायला लागलीस की तुझ्यावरही अशी घाई येईल, तेव्हा हे आठव.

कागदपत्रांची भीती बाळगू नकोस, ती सोपी आहेत. उलाढाल लहान असेल तोवर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी पुरते. चौदा आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. शिवाय तुझं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, घटक, शाकाहारीचा हिरवा ठिपका, तक्रारीसाठी फोन वगैरे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर फुकट होते, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. जीएसटी मालाच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत लागत नाही खरा, पण तू बेंगळुरूच्या मैत्रिणीच्या दुकानात माल पाठवायचं लिहिलंस. राज्याबाहेर विक्री केली की पहिल्या पाकिटापासून जीएसटी नोंदणी लागते. म्हणून वर्षभर महाराष्ट्रातच विक.

आता उधारी. यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण या बाबतीत मी काउंटरच्या पलीकडचा माणूस आहे. आपल्या दुकानात एक मावशी शेंगदाण्याची चटणी आणून द्यायच्या, तुला आठवत असतील. माल विकलेला असायचा, पैसे गल्ल्यात असायचे, आणि मी त्यांना म्हणायचो, सोमवारी या. सोमवारी आल्या की म्हणायचो, पुढच्या खेपेला एकदम देतो. मोठ्या कंपनीचा माणूस आला की मात्र लगेच पैसे द्यायचो, नाहीतर पुढचा माल येत नव्हता. मावशींना बसचे पैसे घालून तीन-तीनदा यावं लागलं. पुढे त्यांनी येणं बंद केलं. मी वाईट माणूस नव्हतो, पण जो थांबतो त्याला दुकानदार थांबवतो. मीही थांबवलं. तुझ्याशीही लोक असंच वागतील आणि गोड बोलून वागतील.

म्हणून पहिल्या दिवशीच सांग. एका दुकानात बारा पाकिटांपेक्षा जास्त ठेवू नकोस. पहिल्या बाराचे पैसे आले की दुसरी बारा. मोठ्या स्टोअरने माल घेतला तर बिलावर उद्यमचा नंबर टाक. २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा आहे. त्यात लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांना तो खर्च आयकरात वजा करता येत नाही, असा नियमही आता आलाय. त्यांच्या हिशेबनिसाला हे माहीत असतं. आपल्यासारख्या किराणावाल्यापुढे हा कायदा काढून उपयोग नाही, तिथे बारा पाकिटांचा नियमच खरा.

कर्जाचं तू विचारलंस. अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई या सरकारी योजनेत खर्चाच्या ३५ टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळतं, हे तू बरोबर लिहिलंस. पण ते पैसे हातात येत नाहीत. बँक ते तीन वर्षं ठेवीत ठेवते आणि कर्ज नीट फेडलंस तर शेवटी कर्जात वळतं करते. तोवर हप्ता तुझा तूच भरायचा. अनुदान मिळतंय म्हणून यंत्र घेतलेले लोक मी बघितलेत, यंत्र आठवड्यातून एक दिवस चालतं आणि हप्ता मात्र दर महिन्याला. पहिला हंगाम आपल्या गिरणीतच कांडून घे, गिरणीवाला किलोवर पैसे घेतो. महिन्याला दोनशे किलोची मागणी सलग सहा महिने टिकली की तू आणि मी दोघं बँकेत जाऊ. तोवर ८० पाकिटांना लागतील ते दहा हजार मी देतो. ते माझ्या नावावर उसने म्हणून लिही आणि परत कर. भेट म्हणून लिहू नकोस.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी मिरचीसाठी ब्याडगीला जाणार आहे. तू दोन दिवस रजा काढून आलीस तर सोबत जाऊ. मिरचीचा देठ कसा बघायचा, हातात दाबल्यावर ओली कशी कळते, हे मी पत्रात लिहू शकत नाही.

हे पत्र आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग भाकऱ्या थापता थापता म्हणाली, साठ कमी आहेत, तासाला ऐंशी धरा. तिचं बरोबर आहे. म्हणजे किलोला अजून ३० रुपये वाढले, चटणी ५२६ ला पडली, साडेसहाशेत दुकानदाराचं जाऊन २६ रुपये ५० पैसे राहतात. तक्ता पुन्हा कर आणि मला पाठव. आईची ओळ सगळ्यात वर लिही.

तुझे,
बाबा