कमी मिठाचं, पण चवीचं सूप

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, मीठ कमी केल्यापासून सूप म्हणजे नुसतं गरम पाणी झालंय. ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरांचं म्हणणं रास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ सांगते. पण म्हणून तुम्ही अर्धी वाटी तशीच बाजूला सारावी, हे मला पटत नाही. म्हणून हल्ली टोमॅटोचं सूप निरनिराळ्या तऱ्हेने करून पाहतेय.

आई, खरी गंमत कांद्यात आहे. तो थोड्या तेलात, मंद आचेवर, पंधरा मिनिटं तरी परत. कडा तांबूस होऊन गोडसर वास सुटला पाहिजे. मग लसूण, मग टोमॅटो, आणि टोमॅटोचं पाणी आटेपर्यंत दम धर. भांड्याच्या तळाला तपकिरी थर धरतो, त्यावर पाण्याचा हबका मारून तो खरवडून घे, सगळी चव तिथे असते. मीठ अगदी शेवटी, कारण सूप आटत जातं तसा खारटपणा वाढतो. लिंबू तर वाटीत ओतल्यावरच पिळायचं. आंबटपणा आला की तेवढंच मीठ जिभेला जास्त वाटतं.

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र परस्पर आणू नका. त्यात बरंचसं पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं अशक्त असतील किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील, तर ते रक्तात वाढून घात करू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

दाटपणासाठी कॉर्नफ्लोअरपेक्षा मला मूठभर मसूर डाळ आवडली. पोटभरीची होते आणि प्रथिनंही मिळतात. फक्त ती वेगळी, पूर्ण मऊ शिजवून मग घाल. टोमॅटोच्या आंबटपणात डाळ लवकर शिजत नाही. कॉर्नफ्लोअरच वापरायचं असेल तर गार पाण्यात कालवून घाल. कोरडं पीठ उकळत्या सूपात पडलं की वरचा थर लगेच शिजतो, आत पीठ तसंच राहतं आणि गुठळ्या होतात. आणि आई, सूप निवल्याशिवाय मिक्सरला लावू नकोस गं. कोंडलेल्या वाफेने झाकण उडतं, हात भाजतो. तुझी घाई मला माहीत आहे.

सँडविचचं थोडक्यात सांगते. भाजलेल्या ब्रेडच्या कडा बाबांच्या हिरड्यांना टोचतात, तेव्हा कडा काप आणि ब्रेड न भाजता वापर. काकडीच्या बिया काढून चकत्या कापडावर टिपून घे, आणि लोणी पार कडेपर्यंत लाव, म्हणजे ब्रेडला पाणी लागत नाही. आत बांधलेलं दही आणि बारीक किसलेलं गाजर, वर मिरपूड. मीठ नको, ब्रेडमध्ये ते असतंच. चीज घातलंस तर आणखी वाढतं. उरलेला ब्रेड फ्रिजमध्ये ठेवलास तर उलट लवकर कडक होतो. फ्रीझरमध्ये ठेव, लागतील तेवढ्याच स्लाइस काढ.

हे सगळं एकदम करू नका. आधी फक्त कांद्याचं पाहा, ते जमलं की लिंबू, मग डाळ. नाहीतर चव कशाने सुधारली ते कळणार नाही. आई, प्रमाण वहीत लिहून ठेव. आणि बाबा, मला नुसतं ‘बरं होतं’ असं सांगू नका. आंबट झालं, पातळ झालं, तिखट हवं होतं, जे वाटेल ते स्पष्ट कळवा. त्यावरून मी इकडे पुन्हा करून पाहीन आणि नवीन प्रमाण कळवीन.

तुमची लेक