फोमने शेजारचा कुकर थांबत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घरसजावटीच्या पुरवणीत गाणं ऐकण्याच्या खास खोल्यांचे फोटो असतात. भिंतभर काळा, खाचाखाचांचा फोम आणि खाली 'साउंडप्रूफ' हा शब्द. याच शब्दाला भुलून मी गेल्या वर्षी बावीस हजार घालवले, म्हणून हे पत्र.

मुलगी सासरी गेल्यावर इंदिरानगरच्या फ्लॅटमधली तिची खोली मी तबकड्या ऐकायला घेतली. एका दुकानदाराने चारही भिंतींना इंचभर फोम चिकटवून दिला. "काका, आता बाहेरचं काही आत येणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आत बसून मी शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या मोजल्या.

फोम हलका. तो खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडाफार शोषतो, एवढंच. पलीकडचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. माझ्याकडे शिट्ट्या येत होत्या त्या सरकत्या खिडकीतून आणि दाराखालच्या बोटभर फटीतून. रबरी पट्टी आणि आतून दुसरी जाड काच लावल्यावर त्या दबल्या. तबल्यातल्या डग्ग्याचा खालचा, जाड आवाज मात्र अजूनही वरच्या मजल्यावर जातो. तो अडवायचा तर भिंतीच दुहेरी हव्यात, म्हणून रात्री दहाला मी सुई उचलतो.

शिवाय इंचभर फोम फक्त वरचे स्वर खातो. द. वि. पलुस्करांची (जन्माने ते नाशिकचेच, 1921चे) तान गोधडीखालून आल्यासारखी वाटू लागली, आणि डग्गा घुमायचा तो घुमतच राहिला. दोष खोलीच्या मापाचा. दहा बाय दहा, उंचीही जवळपास दहा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण 56 हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला स्वर अडकून फुगतो. तिन्ही मापं सारखी असली की तोच स्वर तिन्हीकडून फुगतो. बिल्डरला हे कोण सांगणार!

शेवटी फोम उपटला, सोबत रंगाचे पोपडेही आले. इथल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांना लागणारं रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) मिळतं. त्याचे चार इंची थर आणले, सुताराकडून चौकटी करून घेतल्या, वर मांजरपाट ताणलं आणि कोपऱ्यांत उभे केले. बाजूच्या भिंतींसाठी सौ. न्हाणीघरातला आरसा भिंतीवरून सरकवत गेली. मी खुर्चीत बसलेलो. जिथे आरशात स्पीकर दिसला तिथे पेन्सिलची खूण. आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो तो त्याच जागेवरून. तिथे एकेक चौकट, बाकी भिंत उघडी. "एवढा वेळ आरसा तर माझ्या लग्नातही कुणी धरला नव्हता," ती म्हणाली.

उपटलेल्या फोमचा एक तुकडा गच्चीवर नेऊन काडी लावली. पेटते थेंब गळू लागले, काळा धूर झाला. असाच दिसणारा फोम लहान मुलांच्या खोलीत लावल्याचा फोटो आपण गेल्या महिन्यात छापला होता. पुढच्या वेळी फोटोखाली 'साउंडप्रूफ' लिहिण्याआधी एखाद्या ध्वनितज्ज्ञाला जरूर विचारा, आणि फोम पेटतो का, तेही.

आपला एक जुना वाचक,
इंदिरानगर, नाशिक